वरचे साडेतीन औंस

"पावणेदोन पेनीवेट कुठं गेले, एवढंच सांगा मला," डेस काउंटरवर कोपरं टेकून माझ्या कानाशी कुरकुरत होता. "इथं तुमच्या काट्यावर भरला पुरता औंस. समोर बँकेच्या माणसाकडं नेला, तर म्हणतो सव्वाअठरा पेनीवेट. औंसाला वीस लागतात म्हणे. रस्ता ओलांडेपर्यंत सोनं वितळलं का माझं?"

बोलला तो हळूच. पण दुकान एकदम इतकं गप्प झालं की त्याचा शेवटचा शब्द पत्र्याला लागून परत आला. तंबाखूच्या डब्यांशी रेंगाळणारा म्हातारा जॅगो जागच्या जागी थांबला. माझी सुरी चीजमध्ये अर्ध्यात अडकली. आणि रिबिनींच्या बरणीशी मर्ल पॅस्को उभी होती, हातात दोन रिबिनी, एक निळी आणि एक पिवळी.

डेसचं काही चुकलं नव्हतं. तो गव्हाच्या मुलुखातला, रस्ता बांधणाऱ्या टोळीबरोबर आलेला. त्याला पोती कळतात. मर्लसाठी अंगठी घडवायची म्हणून त्यानं कुणा खाणवाल्याकडून सोन्याचा खडा घेतला होता आणि कौतुकानं दोन ठिकाणी तोलून पाहिला होता. आमच्या मलगाऱ्यात, सोन्याच्या खाणीच्या गावात, शेंबडं पोरही सांगेल की पिठाचा औंस वेगळा, सोन्याचा वेगळा, आणि सोन्याचा जड. सोनं तेवढंच राहतं, मापं मात्र दोन आणि नाव एक. इथं हे कुणी कुणाला शिकवत नाही.

पण मर्लच्या देखत हे आजवर कुणी बोललंही नव्हतं. तिचं वय आता तिशीला आलेलं.

"काटा बिघडलाय माझा," मी म्हटलं.

"जास्त दाखवतो?" डेसनं विचारलं.

"जास्त दाखवतो."

"तरीच," जॅगो म्हणाला. बिचाऱ्यानं लगेच धाव घेतली. "तरीच मी म्हणतो, हिच्याकडचं बेकन पातेल्यात टाकलं की निम्मं होतं. इतकी वर्षं लुटतेय बया."

"तुला कमीच द्यायला डॉक्टरनं सांगितलंय, जॅगो."

डेस हसला. मर्ल हसली नाही. तिनं माझ्या काट्याकडे पाहिलं, मग डेसच्या तळहातावरच्या त्या खड्याकडे.

"नोरी, सगळ्याचंच वजन जास्त दाखवतो का गं तो?"

"सगळ्याचंच."

"आमच्या पिठाचंही?"

"बदलून घेते मी काटा."

तिनं रिबिनी परत बरणीत ठेवल्या, नीट गुंडाळून. "आम्ही नंतर येतो," म्हणाली आणि गेली. जाळीचं दार तिच्यामागे आपटलं. जरा थांबून पुन्हा एकदा आपटलं. स्प्रिंग सैल झाली की दारं अशी आपटतात. वारा मात्र त्या दिवशी सकाळपासून पडलेला होता.

मर्ल स्वतःला 'आम्ही' म्हणते, हे डेसला चालत होतं. "राणीही म्हणते," तो म्हणायचा. मर्ल राणीसारखं म्हणत नव्हती.

झालं होतं ते असं. हेस्टर पॅस्कोला दिवस भरायच्या फार आधी कळा लागल्या. आधी आयव्ही आली. ती रडली नाही. मग मर्ल आली. ती रडली, पण मांजराच्या पिल्लानं पोत्यातून रडावं तशी. दुपारच्या गाडीनं तिला शहराच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. इथली नर्स नुकतीच किनाऱ्याकडून आलेली, कामाची पक्की. तिला बाळाचं वजन आधी तारेनं कळवायचं होतं, म्हणजे तिकडे उबेची पेटी तयार राहील. आता वजन करायचं कशावर? दुकानातल्या काट्यावर पिठाची पोती चढायची. एवढासा जीव तोलेल असा काटा गावात एकच, माझ्या वडिलांचा. वडील सोनं विकत घ्यायचे. आता जिथं मी रॉकेलचे डबे ठेवते, त्या मागच्या खोलीत त्यांचा तराजू होता. पितळी साखळ्या, थाळ्याएवढी पारडी, वर काचेची पेटी.

मी ते पाहिलंय. वडिलांनी एका पारड्यात कापूस पसरला, तेवढाच दुसऱ्यात टाकला. बाळाला कापसावर ठेवलं. पारडं खाली गेलं, वर आलं, आणि बराच वेळ हलत राहिलं. वडील वजनं चढवत गेले. त्या तराजूवर त्यांनी जन्मात सोन्याशिवाय काही ठेवलं नव्हतं. कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते सांगून मोकळे झाले, "छत्तीस औंस."

नर्सनं तार केली, छत्तीस औंस. आणि बुटांच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये मर्ल गाडीत बसली. हेस्टर शेजारी, आडवी. मर्लचा बाप, विल्फ, मागे राहिला, कारण आयव्हीचं करायचं होतं. ते त्यानं एकट्यानं केलं. खाणीतला माणूस, खणायला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही.

इस्पितळात बाळ काट्यावर ठेवलं, तर साडेएकोणचाळीस. तिथली सिस्टर चक्रावली. पहिल्या दिवशी मूल थोडं उतरतं, चढत नाही. तिनं पुन्हा तोललं. साडेएकोणचाळीसच. वाटेत साडेतीन औंस कुठून आले, हे तिला काही सांगता येईना.

हे विल्फनं आम्हाला सांगितलं. पुढच्या गाडीनं तो शहरात गेला होता, तो आठवड्यानं परतला आणि तडक हॉटेलच्या बारमध्ये शिरला. जाताना ज्याच्याकडे बघवत नव्हतं, तो चेहरा उजळून आला होता. "तिनं बहिणीला बरोबर नेलं," तो म्हणाला. "आयव्ही तिच्यात आहे. सिस्टरनं दोनदा तोललं. साडेतीन औंस वर भरले."

बारमधला एकूण एक माणूस सोन्यातला. प्रत्येकानं ग्लास तोंडाशी नेता नेता मनात हिशेब केला, आणि प्रत्येकाचा जुळला. वडील सांगायचे की त्यांनी बोलायला तोंड उघडलंसुद्धा होतं. मग विल्फकडे पाहिलं आणि त्या तोंडात बिअर ओतली.

तिथून पुढे कुणीच बोललं नाही. वजनावरून एकमेकांची डोकी फोडणारं आमचं गाव, पण ह्या एका वजनापुढं गप्प. शाळेत अंकगणिताच्या पुस्तकात सोन्याच्या मापांचं पान होतं. मर्ल ज्या वर्गात जाईल त्या वर्गात मास्तर ते पान उलटून पुढे जायचे. माझा धाकटा भाऊ तिच्याच वर्गातला. तो अजून त्या हिशेबात कच्चा आहे आणि खापर मर्लवर फोडतो.

आधी हे विल्फसाठी होतं. पण एखादी गोष्ट सगळं गाव मिळून न बोलता पाळायला लागलं की ती त्या माणसापुरती राहत नाही. मर्लच्या वाढदिवसाला केकचे दोन तुकडे वाढले जायचे आणि दोन्ही संपायचे. सीसॉवर तिच्यासमोर पोरं आपण होऊन दोघं बसायची, आणि तिचीच बाजू खाली राहायची. मी स्वतः पाहिलंय. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. चर्चच्या बाकावर ती कडेला बसायची, शेजारी एक जागा सोडून. उन्हाळ्यात बाकं गच्च भरायची, लोक भिंतीला टेकून उभे राहायचे, पण त्या जागेवर कुणी बसायचं नाही. गावातली कुत्रीसुद्धा तिच्याजवळून जाताना थोडा जास्तच वळसा घ्यायची.

मोठी झाली तशी ती टेलिफोनच्या खोलीत कामाला लागली. "मलगारा एक्स्चेंज, आम्ही बोलतोय." काम चोख. मात्र माझी आई फोन करायची नाही, चालत जाऊन निरोप द्यायची. म्हणायची, मर्ल जोडून देते, बाजूला होते, तरी मध्ये कुणीतरी श्वास घेत राहतं. तारा जुन्या आहेत, असं आम्ही तिला सांगायचो.

विल्फ खाणीच्या धुळीनं गेला. त्यानंतर तरी कुणी बोलायला हवं होतं. पण मग हेस्टरमावशी एकटी राहिली, आणि आता हे तिच्यासाठी झालं. तिच्या ओट्यावर दोन कप वाळत घातलेले असायचे, आणि तिसरा तिचा. कुणाची जीभ उचलणार?

आणि आता डेस. रस्ता संपत आला होता. शनिवारी टोळी पुढच्या गावाला हलणार होती. त्यानं मर्लला मागणी घातली, तर ती म्हणाली, "ना म्हणायचं नाहीये. पण आयव्ही काही बोलत नाहीये." हेस्टरमावशीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "आयव्हीला विचार."

दुपारी दुकान रिकामं असताना डेस पुन्हा आला. खड्यासाठी नव्हे.

"मिसेस, मी काहीतरी बोलून बसलो का सकाळी?"

"नाही रे."

"जॅगो मला मागल्या अंगणात घेऊन गेला आणि म्हणाला, औंसाबद्दल पुन्हा तोंड उघडलंस तर फावडं घालीन. त्यानं मला तंबाखूही दिली वर."

"म्हणजे राग नाही त्याचा."

तो काउंटरवरचं झाकण फिरवत राहिला. मोठा माणूस, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. "मी दोघींनाही मागणी घातली हो," म्हणाला. "मनात म्हटलं, घालून बघू. गुडघ्यावर बसलो, 'तुला आणि आयव्हीला' म्हटलं. तर मर्ल माझ्या खांद्यामागं बघायला लागली. बराच वेळ. मीही वळून पाहिलं." त्यानं झाकण खाली ठेवलं. "तिथं काही नव्हतं. पण मिसेस, वळलो तेव्हा मला वाटलं, नसायला हवं होतं ते आत्ताच नाहीसं झालंय."

मी त्याला लिंबाचं सरबत दिलं. दुसरं काय देणार? सांगितलं असतं तर त्यानं जाऊन मर्लला सांगितलं असतं, आणि तिनं आईला. म्हाताऱ्या बाईची मुलगी आम्ही सगळ्यांनी मिळून दुसऱ्यांदा पुरली असती. शनिवारी हा माणूस जाईल, मर्ल टेलिफोनच्या खोलीत राहील, आणि आपण सगळे हॅलो म्हणत राहू. हेही मला दिसत होतं.

तो गेल्यावर मी दार ओढून घेणार, तर पायरीवर मर्ल. किती वेळ उभी होती कोण जाणे. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

"नोरी, तुझ्या बाबांचा तराजू अजून आहे?"

"गंजला असेल गं. त्याच्यावर डबे आहेत."

"डबे आम्ही काढू."

"उद्या ये ना. उद्या मी पुसून ठेवते."

तिनं मूठ उघडली. तिच्या आईच्या स्वयंपाकघरातला औंस होता, स्कोन भाजताना लोणी तोलायचा, पितळेचा, तुपकट. "उद्या आम्ही येणार नाही," ती म्हणाली. मग, जणू पहिल्यांदाच बोलतेय अशी, "मी येणार नाही."

मी तिला आत नेलं. दोघींनी मिळून डबे खाली उतरवले.

खोलीत खिडकी नाही. वरच्या पत्र्याच्या एका भोकातून उन्हाची सळई येते आणि जमिनीवर टेकते. त्या दिवशी ती काचेच्या पेटीवर टेकली होती. तराजू गंजला वगैरे काही नव्हता. मी दरवर्षी पुसते, का ते मला ठाऊक नाही. पेटी उघडताच पारडी हलायला लागली, माझ्या हाताचा वारा लागून, आणि मग थांबली, एका रेषेत. सोन्याची वजनं त्यांच्या मखमलीच्या खाचांत होती. मी एक औंसाचं काढलं. दिसायला मर्लच्या हातातल्याहून लहानच, चिमटीत मावणारं.

"तू ठेव," मी म्हटलं. मला ते जमलं नसतं.

तिनं आपला औंस उजवीकडे ठेवला. बाबांचा डावीकडे. डावं पारडं खाली जायला लागलं. झपकन नव्हे, विचार केल्यासारखं, हळूहळू, आणि तळाशी जाऊन टेकलं.

मर्लचे ओठ हलत होते. हिशेब फार अवघड नाही. मास्तरांनी ते पान उलटलं म्हणून तो अवघड झाला नव्हता.

"औंसामागे पावणेदोन पेनीवेट, असं छत्तीस वेळा," ती म्हणाली. "म्हणजे साडेतीन होतात का गं?"

"होतात."

"थोडंसंसुद्धा उरत नाही?"

"नाही."

  मी तिच्याकडे बघायचं टाळून उन्हाच्या सळईकडे पाहत होते. तिच्यात धूळ तरंगत होती, एकाच जागी, खाली न बसता.

"सगळ्यांना माहीत होतं," मर्ल म्हणाली.

"हो."

"डेसला?"

"त्याला एकट्यालाच नाही. त्याला पोती कळतात फक्त."

ह्यावर तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग तो थांबला. "आणि आईला?"

"नाही. तिला कुणी सांगितलं नाही. शपथ घेऊन सांगते, कुणीही नाही."

"मला सांगायला कशाला हवं?"

हेस्टरमावशी दारात होती. हातांना पीठ लागलेलं, ॲप्रन तसाच. लोणी तोलायला औंस सापडला नाही, तेव्हा ती निघाली असणार, आणि कुठं जायचं ते तिला कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

"लग्नाआधी ह्या खोलीत झाडू मारायचे मी," ती आत येत म्हणाली. "तू झाली नव्हतीस, नोरी. तुझे बाबा झाडलेली धूळसुद्धा फेकू द्यायचे नाहीत. धुवून त्यातलं सोनं काढायचे. ही वजनं मी पुसलीत. मला म्हणे कुणी सांगितलं नाही." तिनं पीठ ॲप्रनला पुसलं. "सगळं गाव माझ्यापासून लपवतंय आणि मी बसलेय. जॅगोला तर दम लागायचा माझ्यासमोर औंस हा शब्द गिळताना."

"मावशी—"

"सिस्टर आकडा सांगत होती तेव्हाच कळलं मला. पण दुसऱ्याच दिवशी विल्फ आला. त्याच्या नखांत माती होती गं अजून. इस्पितळात येताना माणूस हात धुतो. ह्यानं धुतले नव्हते. मर्लला त्याच्यापुढं धरलं, तर हात पाठीमागं घेऊन उभा. बघेना. दोन दिवस बघेना. मला वाटलं, हा आता गाडीखाली जाणार, नाहीतर हिला न घेता जाणार. मग मी म्हटलं, बघ, साडेतीन औंस वर भरलेत. आयव्ही आलीय हिच्याबरोबर. तेव्हा त्यानं हात पुढे केले."

उन्हाची सळई पेटीवरून सरकून जमिनीवर उतरली होती.

"बाबा गेल्यावर तरी सांगायचंस," मर्ल म्हणाली.

"सांगणार होते. एक दिवस तू शाळेतून आलीस, मी पाठमोरी होते. मला दोन पावलं ऐकू आली." हेस्टरमावशीनं खांदे उडवले. "रोज यायची मग. सवय होते माणसाला."

"आई," मर्लचा आवाज अगदी बारीक झाला, "मग आमच्याबरोबर एवढी वर्षं कोण होतं?"

 हेस्टरमावशी पुढे झाली. तिनं स्वयंपाकघरातला औंस उचलून ॲप्रनच्या खिशात टाकला. सोन्याचा उचलून, बोटानं पुसून मखमलीत ठेवला. पारडी रिकामी झाली. वर-खाली झाली, मंद होत गेली. आम्ही तिघी ती थांबायची वाट बघत होतो.

उजवं थांबलं. डावं, ज्यात बाबांनी तेव्हा बाळ ठेवलं होतं, ते केसभर खाली राहिलं. खाली राहिलं आणि बारीक, अगदी बारीक थरथरत राहिलं. पेटी उघडी होती, मान्य आहे. आम्ही तिघी श्वास घेत होतो. मी माझा रोखून धरला. ते थांबलं नाही.

हेस्टरमावशीनं तळहात पसरला आणि त्या पारड्याखाली घातला, तान्ह्या मुलाच्या डोक्याखाली घालतात तसा, आणि ते रेषेत येईपर्यंत वर उचलून धरलं. मर्लकडे तिनं पाहिलं नाही.

"आयव्ही मेली, मर्ल," ती म्हणाली. "तुझ्या आधीच मेली होती. गाडीत तू एकटीच होतीस."